मॉडेल गाड्यांच्या टेबलावर क्राफ्ट अ‍ॅक्रिलिक कसं आलं

हस्तकलेच्या दुकानात मिळणारा, पाण्यात कालवायचा रंग, म्हणजे क्राफ्ट अ‍ॅक्रिलिक, प्लास्टिकच्या गाडीच्या किटला (सुटे भाग जोडून बनवायच्या संचाला) लावावा की नाही, यावर मॉडेल बनवणाऱ्यांत आजही दोन तट आहेत. रणगाडे आणि सैनिक रंगवणाऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढला. रणगाडा मळका, धुळकट दिसला तर उलट शोभतो, त्यामुळे मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, रंग त्यांच्या पथ्यावरच पडला. गाडीवाले मात्र अडून बसले. शोरूममधून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये तोंड दिसायला हवं, आणि क्राफ्ट अ‍ॅक्रिलिकमध्ये ते दिसत नाही. वादाचं मूळ हेच आहे, बाकी मुद्दे नंतर चिकटले.

गाडीच्या किटची सुरुवात अमेरिकेतल्या मोटारींच्या शहराच्या, डेट्रॉइटच्या परिसरातली. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या गाडीच्या जाहिरातीसाठी डीलरांना छोट्या, जोडून तयार असलेल्या प्रतिकृती मिळत, त्याही कंपनीच्या खऱ्या रंगांत. सुरुवातीच्या प्रतिकृती अ‍ॅसिटेटच्या होत्या आणि काही वर्षांत वाकड्या होत. पॉलिस्टायरिन हे टिकाऊ प्लास्टिक आल्यावर ते दुखणं गेलं. १९५८ साली याच धर्तीवर १:२५ मापाचे, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढे, किट आले. एकाच खोक्यातून मूळ गाडी, सजवलेली कस्टम गाडी किंवा शर्यतीची गाडी, यांपैकी हवी ती बनवायची. डीलरकडची प्रतिकृती रंगवलेलीच यायची. किटमधली गाडी रंगवायचं काम घरातल्या पोरावर आलं.

त्या पोराच्या हातात इनॅमल, म्हणजे तेलाधारित चकचकीत रंग, होतं. अमेरिकेत पाव औंसाची चौकोनी काचेची बाटली, ब्रिटनमध्ये हल शहरात तयार होणारी चिमुकली पत्र्याची डबी. इनॅमल वाळायला वेळ लावतं, पण त्या वेळात ते स्वतःच पसरून सपाट होतं आणि ब्रशच्या रेघा बुजतात. वाळल्यावर चकाकी फुकटात मिळते. जरा मोठी, हौशी पोरं गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमधून लॅकर, म्हणजे उग्र द्रावणातला झटपट वाळणारा रंग, आणत. आपल्याकडे ज्याला सरसकट ड्यूको म्हणतात त्यातलाच प्रकार. हे लॅकर प्लास्टिकला अक्षरशः चावतं. पातळ थर बसला तर पकड अशी की नखाने निघत नाही, आणि जाड बसला तर बॉडीवर सुरकुत्या. स्पर्धांमध्ये बक्षिसं घेणाऱ्या गाड्यांवर तेव्हा हाच रंग असायचा, आणि गाडीच्या रंगाची कसोटी तिथेच ठरून गेली.

१९६०च्या दशकात अमेरिकेत मुलं मॉडेल जोडायचा गोंद हुंगतात, यावर रान उठलं. अनेक शहरांनी अल्पवयीन मुलांना गोंद विकण्यावर बंधनं आणली. ते दशक संपताना एका मोठ्या उत्पादकाने आपल्या गोंदात मोहरीच्या तेलातला झणझणीत घटक घातला, म्हणजे हुंगणाऱ्याच्या नाकातोंडातून पाणी यावं. रंगाचा याच्याशी थेट संबंध नव्हता. पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंग पातळ करायच्या थिनरची बाटली उघडी ठेवायला आईबाप कचरू लागले, ते तेव्हापासून.

क्राफ्ट अ‍ॅक्रिलिक आलं ते भलत्याच वाटेने. अ‍ॅक्रिलिक रेझिन १९३०च्या दशकापासून ठाऊक होतं, ते पाण्यात विखुरलेल्या रूपात चित्रकारांच्या हाती पडलं १९५०च्या दशकात. पुढे १९७० आणि ८०च्या दशकांत अमेरिकेत लाकडी बदकं, कुंड्या, टपालपेट्या रंगवायची लाट आली आणि तिच्यासाठी दोन औंसाची, म्हणजे ५९ मिलीची, दाबून रंग काढायची प्लास्टिकची बाटली घडली. तो रंग लाकूड, माती, कापड यांवर बसावा, लवकर वाळावा आणि ब्रश नळाखाली धुता यावा, एवढीच अपेक्षा होती. पॉलिस्टायरिन कुणाच्या डोक्यातही नव्हतं. या रंगाला नावं ठेवणारे ही गोष्ट सोयीने विसरतात. जे काम त्याला कधी सांगितलंच नव्हतं, त्यात तो नापास झाला म्हणून त्याला बोल लावायचा हा प्रकार आहे.

आता सगळ्यात मोठ्या घोळाकडे. १९८०च्या दशकात जपानच्या शिझुओकाहून मॉडेलसाठीच बनवलेले अ‍ॅक्रिलिक रंग जगभर पोहोचले. बाटलीवर अ‍ॅक्रिलिक लिहिलेलं, पाण्यातही मिसळतात, पण आत अल्कोहोलच्या जातीची द्रावणं. गाड्यांच्या स्प्रेच्या डब्यांवरही अ‍ॅक्रिलिक लिहिलेलं असतं, आणि ते तर सरळसरळ लॅकर. तिसरा हा क्राफ्टवाला, निव्वळ पाण्यातला. तिघांची रसायनं वेगळी, लेबलवर शब्द मात्र एकच. त्यामुळे एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू करायची सवय पडली, आणि निम्मी भांडणं त्यातूनच निघाली.

जपानी अ‍ॅक्रिलिक लॅकर थिनरने पातळ केलं तर उलट सुधारतं. गुळगुळीत बसतं, पकडही वाढते. तोच थिनर क्राफ्ट अ‍ॅक्रिलिकमध्ये ओता. काही क्षणांत वाटीतला रंग फाटतो, काडीला चिवट तारा आणि गोळे लागतात, आणि एअरब्रशमध्ये (हवेच्या दाबाने रंग फवारायच्या पेनात) गेला असेल तर सुई बाहेर काढायला पक्कड लागते. हे एकदा झालं की माणूस क्राफ्टच्या नावाने कानाला खडा लावतो आणि जाईल तिथे सांगतो की हा रंग मॉडेलच्या कामाचा नाही. दोष खरं तर थिनरचा.

म्हणून क्राफ्टवरचे सगळे आक्षेप खोटे ठरत नाहीत. या रंगातली रंगद्रव्याची पूड मॉडेलच्या रंगाइतकी बारीक दळलेली नसते, शिवाय मॅटपणासाठी त्यात भर घातलेली असते. झाकणशक्ती कमी, त्यामुळे पिवळा आणि लाल चार-पाच हात दिल्याशिवाय भरत नाहीत. दुसरं म्हणजे पकड. पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकला चावत नाही, नुसतं वर पापुद्र्यासारखं बसतं. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य धुतलं नसेल, तर मास्किंग टेप उचलताना टेपसोबत रंगही उचलला जातो.

यावर जो तोडगा निघाला, त्यानेच वाद पेटवला. भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे, स्प्रेच्या डब्यातलं लॅकर प्रायमर, म्हणजे पकडीसाठीचा पायाचा थर, मारायचं, त्यावर क्राफ्टचे पातळ हात, दोन हातांमध्ये पुरेसा वेळ, वर बारीक वॉटर पेपर आणि शेवटी चकाकीसाठी क्लिअर, म्हणजे बिनरंगाचा पारदर्शक लेप. शुद्धतावादी विचारतात: खाली लॅकर, वर लॅकर, मग मधे पाण्याचा रंग कशाला? प्रश्न बिनतोड वाटतो. पण प्रायमर आणि क्लिअर गच्चीवर जाऊन काही मिनिटांत मारता येतात. तासन्‌तास चालतं ते मधलं काम: दोन रंगांची विभागणी, पट्टे, सीट, डॅशबोर्ड, इंजिन. ते बंद खोलीत, घरात लहान मूल असताना, बिनवासाच्या रंगाने करता येणं हा छोटा फायदा नाही. आणि सीट, टायर, गालिचा, चॅसी यांना चकाकी हवीच कुठे असते? तिथे क्राफ्टचा मॅट रंग महागड्या बाटलीच्या तोडीस तोड उतरतो, हे विरोधकही खासगीत मान्य करतात.

क्लिअरचीही एक उपकथा आहे. फरशीला चमक आणणारं एक पाण्यासारखं पारदर्शक अमेरिकन द्रव मुळात अ‍ॅक्रिलिकच होतं. मॉडेलवाल्यांनी ते हेरलं, गाडीच्या काचा त्यात बुडवल्या, बॉडीवर ब्रशने लावलं, आणि पाण्याच्या रंगावर पाण्याचंच क्लिअर बसवून सुरकुत्यांची भीती मिटवली. नाव बदलत बदलत ते अनेक वर्षं मिळत राहिलं. काही वर्षांपूर्वी उत्पादनच थांबलं, तेव्हा जुन्या बाटल्यांना भाव आला. फरशी पुसायच्या द्रवाची साठेबाजी करणारा दुसरा छंद माझ्या तरी माहितीत नाही.

क्राफ्टकडे लोंढा वळला तो मात्र एका व्यापारी निर्णयामुळे. २०१३ साली अमेरिकेतल्या एका बड्या रंगकंपनीने विकत घेतलेले जुने मॉडेल-रंगांचे ब्रँड एका फटक्यात बंद केले. त्यांत रेल्वे मॉडेलवाल्यांचे लाडके रंग होते. २०२०नंतर त्याच घराण्यातली प्रौढ मॉडेलकारांसाठीची मोठी मालिकाही गेली. कंपनीच्या बाजूने हिशेब सरळ होता: शेकडो छटा, खप थोडा. ग्राहकाच्या बाजूने मात्र अर्धवट रंगवलेल्या गाडीची छटाच बाजारातून नाहीशी झाली. गावातली हॉबी शॉप्स आधीच मिटली होती, आणि स्प्रेचे डबे व ज्वलनशील रंग हवाई टपालाने पाठवता येत नाहीत. हस्तकलेचं भलंमोठं दुकान तेवढं शिल्लक होतं. लोक तिथे हौसेने गेले असं नाही, पण गेले ते बरेचसे तिथेच रमले.

आपल्याकडे ही निवड कधी नव्हतीच. आयातीवरच्या संख्यात्मक मर्यादा २००१ साली उठेपर्यंत किट यायचे ते परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून, रंगाविना. मापाबरहुकूम मॉडेल कस्टम्सच्या लेखी खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. त्यावरचं मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर गेलं. किटवरच एवढा खर्च झाल्यावर रंगाला काय उरणार? मुंबई-पुण्याचा मॉडेलवाला स्टेशनरीच्या दुकानातली १५ मिलीची अ‍ॅक्रिलिकची बाटली उचलतो, जी तिथे साडीवर आणि मातीच्या पणत्यांवर नक्षी काढणाऱ्यांसाठी ठेवलेली असते. सीट, डॅशबोर्ड, चॅसी तिच्यात उरकतात. बॉडीसाठी गाड्यांच्या रंगाच्या दुकानात कोड सांगून मारुतीची किंवा टाटाची खरी छटा मिसळून मिळते. फक्त दुकानदार छोट्यात छोटा डबा पुढे करतो, तोही १:२४च्या गाडीला जन्मभर पुरेल एवढा असतो.