हार्ड लेबर की पीनल सर्व्हिट्यूड? विलायतेत कैद भोगलेला पूर्वज शोधताना

1900 ते 1920 दरम्यान इंग्लंडात शिक्षा झालेल्या माणसाचा माग काढताना मराठी वाचकाची गफलत होते ती शब्दापाशीच. 'हार्ड लेबर' म्हणजे आपली सक्तमजुरी, म्हणजे जबर शिक्षा, असं आपण धरून चालतो. पण तिथे त्याहून जड असलेली शिक्षा वेगळी होती: पीनल सर्व्हिट्यूड. दोन्हींत राबावं लागेच. फरक होता तो मुदतीचा आणि तुरुंगाचा, आणि आज कागद कुठे सापडतील हेही त्यावरच ठरतं.

हार्ड लेबर ही साध्या कैदेला जोडलेली अट. मुदत काही दिवसांपासून सहसा जास्तीत जास्त दोन वर्षं. कैदी वाँड्सवर्थ, स्ट्रेंजवेजसारख्या स्थानिक तुरुंगात राहायचा, जुने दोर उसवायचा, टपालाच्या पिशव्या शिवायचा. पीनल सर्व्हिट्यूड 1891 च्या कायद्यानंतर किमान तीन वर्षांची. तिच्यासाठी डार्टमूर, पोर्टलंड, पार्कहर्स्ट असे वेगळे तुरुंग होते. वागणूक चांगली असेल तर पुरुषाची साधारण पाव मुदत माफ होई, पण तो सुटायचा परवान्यावर आणि त्याला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. 1948 च्या कायद्याने या दोन्ही शिक्षा रद्द झाल्या.

कागदावर हे सगळं दोन अक्षरांत उरकलेलं असतं: '18 महिने, एच. एल.' किंवा '5 वर्षं, पी. एस.'. पी. एस.च्या आधी महिने वाचले गेले, तर नक्कल उतरवणारा चुकलाय असं समजा आणि मूळ पानाचं चित्र उघडा. दुसरा चकवा असा, की पीनल सर्व्हिट्यूडच्या कैद्याला सुरुवातीचे काही महिने स्थानिक तुरुंगातच एकांतात ठेवत. त्यामुळे तुरुंगाच्या नावावरून शिक्षा ठरवू नका, शिक्षेचा रकाना पाहा.

असाइझेस किंवा क्वार्टर सेशन्समध्ये, म्हणजे ज्युरीपुढच्या वरच्या कोर्टांत, खटला चालला असेल, तर दोन्ही प्रकारचे कैदी एकाच ठिकाणी भेटतात: लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी दफ्तरखान्यातली एचओ 140 (एचओ म्हणजे गृहखातं) ही छापील कैदी-यादी. वय, धंदा, अक्षरओळख, आधीच्या शिक्षा, निकाल, सगळं एका ओळीत. पीनल सर्व्हिट्यूडवाल्यासाठी पुढे तिथल्याच मेपो 6 (लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांचे कागद) मालिकेत सुटकेच्या नोंदी बघाव्यात. तिथे अंगावरच्या खुणा आणि गोंदणंसुद्धा लिहिलेली असतात. घरातल्या जुन्या फोटोशी ताडून पाहायला याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

हार्ड लेबरवाले बहुतेक मात्र मॅजिस्ट्रेटपुढेच निकालात निघाले, आणि ते एचओ 140 मध्ये नसतात. 'नाव सापडत नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असतं. त्यांच्यासाठी त्या काउंटीच्या दफ्तरखान्यातली पेटी सेशन्सची, म्हणजे या मॅजिस्ट्रेट कोर्टांची, रजिस्टरं आणि स्थानिक वर्तमानपत्रं चाळावी लागतात. बातमीत '10 शिलिंग किंवा 7 दिवस' असं असेल तर घाई करू नका, दंड भरला असेल तर तो तुरुंगात गेलाच नाही. मुंबईहून बोटीवर गेलेले रत्नागिरीकडचे खलाशीही अशाच कोर्टांपुढे उभे राहत. कारकून नाव कानावर पडेल तसं लिही, म्हणून आडनावापेक्षा बोटीचं नाव आणि तारीख धरून शोधा.

ब्रिक्स्टन दिसलं म्हणून शिक्षा झालीच असं मानू नका. तो लंडनच्या कच्च्या कैद्यांचा तुरुंग. 1910 मध्ये सावरकर तिथे होते ते फरारी गुन्हेगारांच्या कायद्याखाली, मुंबईला पाठवण्यासाठी. त्यांना शिक्षा सुनावली गेली ती मुंबईत. याउलट मदनलाल धिंग्रांचा खटला जुलै 1909 मध्ये ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टात चालला, आणि तो तिथल्या छापील कामकाजात आजही वाचता येतो. हे कामकाज 1913 पर्यंतचंच आहे.

पूर्वज स्कॉटलंडात पकडला गेला असेल तर क्यूला शोधू नका. तिथली तुरुंग-रजिस्टरं एडिनबरोत, एचएच 21 या मालिकेत आहेत.