बद्द वाजणारा दगड

आमच्या गल्लीत एक मामा आहेत, म्हणजे अख्ख्या गल्लीचेच मामा, त्यांची उभी हयात बेळगावजवळच्या खानापूर साइडच्या दगडखाणीत गेली. एकदा त्यांच्याबरोबर खाण बघायला गेलो होतो. मी आपला मोबाइल काढून एका उंच कड्याच्या बुडात फोटोसाठी उभारलो तर मामा लांबनंच ओरडले, "तिथं नको थांबूस, तो फाळका बद्द हाय." फाळका म्हणजे कड्याचा पुढचा मोठा दगडी थर. मला तर काहीच दिसेना, सगळा कडा सारखाच काळा. मग त्यांनी बाजूला उभं राहून लांब पहारीचं टोक त्या दगडावर दोनदा आपटलं, नंतर चार हात सरकून पलीकडं आपटलं. पलीकडं खण्ण वाजलं आणि मी उभा होतो तिथं नुसतं धब्ब. "ऐकलास? मागनं सुटलाय त्यो. आज पडंल नाहीतर दिवाळीला पडंल."

बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तेच हे. अखंड दगडाला ठोका दिला की कंपन आतपर्यंत पळतं आणि खणखणीत आवाज येतो. खरं मागं चीर असली तर ते कंपन चिरेतल्या हवेशी जाऊन अडतं, पुढचा पापुद्रा तेवढा ढोलकीच्या चामड्यासारखा एकटाच हलतो, आवाज खाली उतरतो. जगभरच्या खाणीत अजूनही शिफ्ट सुरू व्हायच्या आधी असं ठोकून बघतात, मशीनं आली तरी ही पद्धत सुटली नाही कारण ती फुकट आहे आणि चालते.

मला त्यातलं "आज नाहीतर दिवाळीला" हे डोक्यात बसलं. आपण पेपरात वाचतो की खाणीत अपघात झाला, क्षणात दरड कोसळली. क्षणात कोसळते हे खरं आहे, खरं तिची तयारी महिनोन् महिने चाललेली असते. आणि खाणीतल्या बऱ्याच दुखापतींचं असंच असतं, त्या एकतर खूप आधी सुरू झालेल्या असतात नाहीतर खूप उशिरा कळतात.

पावसाचंच घ्या. आमच्याकडे खानापूर, जांबोटी, कणकुंबी म्हणजे पाऊस किती ते सांगायला नको. कड्याच्या मागं ६ मीटर खोल उभी चीर आहे आणि ती पाण्यानं भरली असं समजा. तळाशी दर चौरस मीटरला ६ टन दाब येतो, आणि एक मीटर रुंदीच्या फाळक्याचा हिशेब केला तर मागनं एकूण १८ टनांचा रेटा बसतो, म्हणजे भरलेला टिप्पर पाठीमागनं ढकलतोय म्हणा. गंमत बघा, चीर हातभर रुंद असो की बोटभर, रेटा तेवढाच, कारण पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, रुंदीवर नाही. म्हणून तर वरनं बघितलं तर केसासारखी दिसणारी रेघ असते आणि आपण म्हणतो एवढ्यानं काय होतंय. त्यात सुरुंगानं जो दगड फुटून खाली येतो त्याच्या मागचा दगडपण थोडाफार तडकलेला असतो, झाडाची मुळं त्यातच शिरतात, दिवसा तापणं आणि रात्री गार होणं चालूच असतं. पाऊस थांबून ऊन पडलं की लोक म्हणतात आता काय भीती नाही, खरं चिरेतलं पाणी तर अजून आतच असतं.

आणि सुटला की किती वेळ मिळतो? ६ मीटरवरनं पडणारा दगड साधारण १.१ सेकंदात खाली येतो आणि खाली पोचताना त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटर असतो, १० मीटरवरनं पडला तर ताशी ५० च्या वर. दगड फोडायच्या ब्रेकर मशीनच्या आवाजात कोणी "पळ" म्हणून ओरडलं तर ते ऐकू येऊन, मान वर करून, काय ते कळून पाय उचलेपर्यंत सेकंद संपलेला असतो. हेल्मेट घालाच, बारीक खड्यापासनं ते वाचवतं, खरं फाळक्यापुढं हेल्मेट म्हणजे काहीच नाही, तिथं एकच उपाय आणि तो म्हणजे कडा उभा न ठेवणं.

पायऱ्या पाडत खाली जायचं, ज्याला बेंच म्हणतात. १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्समध्ये, म्हणजे कोळसा आणि तेल सोडून बाकीच्या खाणींच्या नियमांत, हे स्पष्ट लिहिलंय: मुरूम, मातीसारख्या ढिल्या जागेत उतार ४५ अंशांपेक्षा उभा नको, नाहीतर दीड मीटरच्या पायऱ्या पाडा आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी नको. कठीण दगडातपण पडणार नाही अशा बेतानं पायऱ्या किंवा उतार हवाच, आणि बुडातनं पोखरून वरचा भाग लोंबकळत ठेवायला तर सरळ मनाई. आता प्रत्यक्षात बुडातनं पोखरणंच का चालतं? कारण मजुरी ब्रासवर असते, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, नाहीतर खेपेवर. पायरी पाडायची म्हणजे आधी वरची माती मुरूम काढायचा, त्याचे पैसे कोण देतंय, आणि खालचा दगड तर हाताशी तयार आहे. मजूर बेफिकीर असतात असं म्हणणाऱ्यांनी एकदा हा ब्रासचा हिशेब मांडून बघावा असं माझं मत आहे.

दगडाखाली माणूस सापडला की काय होतं, हा भाग मला सगळ्यात विचित्र वाटला. चार तास पाय दगडाखाली अडकलाय, माणूस शुद्धीत आहे, बोलतोय, पाणी मागतोय, मग जेसीबी येतो, दगड उचलतात, सगळे सुटलो म्हणतात आणि पुढच्या काही मिनिटांत नाहीतर दोन-चार दिवसांनी दवाखान्यात तो जातो. गावात मग लोक म्हणतात की धक्क्यानं गेला, नशीब. तसं नसतं. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी ढिगाऱ्यातनं काढलेल्या लोकांमध्ये हेच बघितलं, त्याला क्रश सिंड्रोम म्हणतात. चिरडलेल्या स्नायूच्या पेशी फुटतात आणि त्यातलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन तिथंच साठत जातं, कारण दाबामुळं रक्त पुढं सरकतच नाही. दगड उचलला की बांध फुटल्यासारखं हे सगळं एकदम अंगभर पसरतं. पोटॅशियम जास्त झालं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि ते थांबू शकतं, मायोग्लोबिन मूत्रपिंडात जाऊन बसतं, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि मग बंदच होते. म्हणून जास्त वेळ अडकलेल्या माणसाला शक्य असेल तर दगड उचलायच्या आधीच सलाइन सुरू करतात, साधं नॉर्मल सलाइन, कारण रिंगर लॅक्टेट नावाच्या दुसऱ्या सलाइनमध्ये पोटॅशियम असतं. म्हणजे जेसीबीच्या आधी अँब्युलन्सला फोन. अर्थात वरनं अजून दगड पडणार असतील किंवा श्वासच दाबला असेल तर थांबायला वेळच नसतो, तेव्हा काढावंच लागतं. खरं काढल्यावर "चांगला बोलतोय की" म्हणून घरी नेऊ नका, एवढं तरी.

सुरुंगाचं थोडक्यात सांगतो. कर्नाटकात २०२१ मध्ये लागोपाठ दोन मोठे स्फोट झाले, जानेवारीत शिवमोग्ग्याजवळ हुणसोडूला आणि फेब्रुवारीत चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात, दुसऱ्यात जिलेटिनच्या कांड्यांची विल्हेवाट लावताना ६ जण गेले. दोन्हीकडं दगडात भरलेला बार उडाला नव्हता, बाहेरच्या स्फोटकांचा स्फोट झाला होता. खाणीतला धोका म्हणजे न उडालेला बार. दहा भोकांत भरला, नऊ वाजले, एक राहिला, आणि दुसऱ्या दिवशी तयार भोक मिळालं म्हणून कोणी त्यातच ड्रिल लावतो. तेवढ्यासाठी बार मोजायचे असतात, आणि जुन्या भोकाला हात लावायचा नसतो. जॅकहॅमरनं बोटं पांढरी पडणं, बधिर होणं, कानात सतत शिट्टी वाजणं, हे तर इतकं सर्रास की मामा त्याला दुखापतीत धरतच नाहीत.

आता धूळ. बेळगाव सीमाभाग आहे हे आम्हाला नव्यानं कोणी सांगायला नको, खरं दगडांचीपण सीमा इथनंच जाते. निपाणी, चिकोडी, अथणीकडं काळा कातळ, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट, तो बेळगावच्या आसपास येऊन संपत जातो. गोकाकला गेलात की ५२ मीटरचा तो धबधबा ज्या कड्यावरनं उडी घेतो तो दगड वेगळाच, वालुकाश्म आणि क्वार्टझाइट, बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुना. आणि खानापूर जांबोटीच्या पठारावर जांभा, ज्याचे लाल चिरे घराला लावतात. बांधकामवाल्याला हे तीन दर आहेत, फुप्फुसाला हे तीन वेगळे धोके आहेत. बेसॉल्टमध्ये सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, असते खरं ती दुसऱ्या खनिजांत बांधलेली, मोकळं क्वार्ट्झ, म्हणजे नुसत्या सिलिकेचे स्फटिक, जवळजवळ नाहीच. जांभ्यात मुख्यतः लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. क्वार्टझाइट मात्र ९० टक्क्यांच्या वर क्वार्ट्झच असतो. बेसॉल्टची धूळ खाल्ली तर चालते असं नाही, तिनंपण दमा खोकला होतो, खरं सिलिकोसिस, म्हणजे फुप्फुसात वण पडायचा रोग, करणारी धूळ म्हणजे क्वार्ट्झची. आणि मजूर काय एका दगडाला बांधलेला नसतो, चार महिने इकडं, काम संपलं की तिकडं.

दगडाची खडी करणाऱ्या क्रशरवर उडणारा पांढरा लोट बघून आपण नाकाला रुमाल लावतो, खरं तो दिसणारा लोट त्यातल्या त्यात बरा. ०.१ मिलिमीटरचा कण माणसाच्या नाकाच्या उंचीवरनं तीन-चार सेकंदांत खाली बसतो. ५ मायक्रॉनचा कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागापेक्षा बारीक, वारा नसलेल्या जागी दीड मीटर खाली यायला १२-१३ मिनिटं घेतो. आणि १ मायक्रॉनचा? पाच तास. म्हणजे दुपारी मशीन बंद करून लोक तिथंच सावलीला बसून भाकरी सोडतात, हवा स्वच्छ दिसते, आणि सकाळची धूळ अजून हवेतच असते. टॉवेलच्या विणीतल्या फटी या कणापुढं म्हणजे गोठ्याचं दार.

हा कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यात पोचतो. तिथं साफसफाई करणाऱ्या पेशी असतात, मॅक्रोफेज म्हणतात, त्या त्याला गिळतात. जंतू असता तर पचवला असता. सिलिका पचत नाही, उलट पेशीच आतनं फुटते, आजूबाजूला दाह होतो, कण पुन्हा मोकळा, मग दुसरी पेशी येते, ती गिळते, ती मरते. कण तोच. दाह झाला की शरीर तिथं वण घालतं, आणि अशा वणांच्या गाठी होत फुप्फुस आवळत जातं. नुकताच फुटलेला क्वार्ट्झ जुन्या वाळूपेक्षा जास्त जहाल असतो कारण ताज्या तुटलेल्या कडेवर रासायनिक बंध मोकळे असतात, आणि खाणीत क्रशरवर तर सगळं ताजंच. काम सोडलं तरी आत गेलेले कण काम चालू ठेवतात, रोग बहुतेक वेळा दहा वर्षांनी नाहीतर त्याच्याही नंतर उमटतो, धूळ जबर असली तर लवकर. शिवाय सिलिकामुळं टीबीची शक्यता कित्येक पटीनं वाढते, आणि १९९७ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं तिला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय.

गूळ खाल्ला की धूळ उतरते, हे आमच्याकडं प्रत्येक खाणीवर ऐकायला मिळतं. गूळ चांगलाच, खरं तो जातो पोटात आणि धूळ बसलीय फुप्फुसात, दोन वेगळ्या नळ्या. वणावर औषध नाही. ड्रिलला पाणी जोडणं, क्रशरवर फवारा, धूळ उडण्याच्या जागी झाकण, आणि घट्ट बसणारा एन ९५ मास्क, यातलं पहिलं सगळ्यात उपयोगाचं आणि मास्क सगळ्यात शेवटी, कारण मे महिन्यात उन्हात पहार मारताना मास्क कोण घालतंय, मी तरी घालणार नाही.

छातीवर बोटानं ठोकून आवाज ऐकायची डॉक्टरांची पद्धत आहे ना, ती १७६१ मध्ये औएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरनं लिहून ठेवली, त्याचे वडील खानावळवाले होते आणि दारूचं पिंप किती भरलंय ते ठोकून बघायची रीत तो लहानपणापासून बघत आलेला म्हणतात. मामांना हे सांगितलं तर खूश झाले, म्हणजे डॉक्टरपण पहारवालेच की. खरं सिलिकोसिस सुरुवातीला असा ठोकून कळत नाही, एक्स-रेच लागतो. १९५५ च्या खाण नियमांतच कामगाराची कामावर घेताना आणि मग दर पाच वर्षांच्या आत तपासणी, छातीच्या एक्स-रेसकट, मालकानं करून द्यायची असं आलं. मामांची एकदाही झाली नाही. दोन वर्षांपूर्वी खोकला थांबेना म्हणून एका दवाखान्यात गेले, तिथं टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, काम काय करत होता हे कोणी विचारलं नाही आणि मामांनीपण सांगितलं नाही, त्यांना वाटलं खोकल्याचा आणि कामाचा काय संबंध. दुसऱ्या डॉक्टरनी विचारलं तेव्हा उलगडा झाला.

भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात खनिज धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग व्यवसायजन्य म्हणून धरला होता (२०२५ मध्ये तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला), खरं त्यासाठी कुठं किती वर्षं काम केलं ते दाखवावं लागतं आणि ठेकेदार बदलत गेलेल्या माणसाकडं ना स्लिप ना हजेरी. मामांच्याकडं एक लांबट वही निघाली, ब्रास, खेप, उचल, सगळं तारखेसकट, बारीक अक्षरात, मधली काही पानं पावसानं चिकटलेली. मागच्या बाजूनं मामींनी भिशीचा हिशेब लिहिलाय. ती पानं फाडू का म्हणून मामी विचारत होत्या, म्हटलं आधी सगळ्या वहीची झेरॉक्स काढू.