आवाजी मतदानाने मंजूर: अमेरिकी उमेदवाराची इमिग्रेशनविषयीची भूमिका नोंदींतून शोधताना

३ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकी सिनेटने कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या एच-१बी व्हिसांची वार्षिक मर्यादा तीन वर्षांसाठी १,९५,००० पर्यंत वाढवणारं विधेयक ९६ विरुद्ध १ मतांनी मंजूर केलं. कोणत्या सिनेटरने काय मत दिलं हे आजही नावानिशी वाचता येतं. त्याच संध्याकाळी विधेयक प्रतिनिधिगृहात, म्हणजे काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, आलं आणि आवाजी मतदानाने मंजूर झालं. पुण्या-मुंबईच्या कितीतरी इंजिनिअरांना अमेरिकेची वाट मोकळी करून देणाऱ्या या कायद्यावर ४३५ जणांच्या सभागृहातल्या एकाच्याही मताची नोंद नाही. त्या वेळचा एखादा सदस्य आज म्हणाला, 'मी तेव्हा तुमच्याच बाजूचा होतो', तर मतांच्या नोंदीवरून ते पडताळता येणार नाही.

निवडणूक जवळ आली की उमेदवार अमेरिकेतल्या भारतीयांच्या देवळांत आणि मंडळांच्या कार्यक्रमांत येतात, कायदेशीर स्थलांतराला आपला पाठिंबा असल्याचं सांगतात. ते खरं आहे का, हे तपासायला अमेरिकेत भरपूर सार्वजनिक कागदपत्रं आहेत. पण ती एका दिवसात उघडी झाली नाहीत, आणि कोणती कधी उघडी झाली हे माहीत नसेल तर वाचताना फसगत होते.

सुरुवात राज्यघटनेपासूनच आहे. प्रत्येक सभागृहाने कामकाजाची नोंदवही ठेवावी, आणि हजर सदस्यांपैकी एक पंचमांश जणांनी मागणी केली तर कोणी काय मत दिलं ते त्यात लिहावं, असं १७८७ च्या मसुद्यातच आहे. म्हणजे मागणी झाली नाही तर नावं नाहीत. भाषणांसाठी १८७३ पासून 'काँग्रेशनल रेकॉर्ड' निघतं. त्यातही सदस्यांना आपलं भाषण नंतर सुधारता येतं आणि न केलेलं भाषण छापायला देता येतं. १९७८ मध्ये अशा मजकुरापुढे काळा ठिपका छापायची पद्धत आली. त्याआधीचे अंक वाचताना प्रत्यक्ष बोललेलं कोणतं आणि मागाहून घातलेलं कोणतं, हे ओळखणं कठीण जातं.

तरीही या जुन्या नोंदींतून एखाद्याची भूमिका किती स्वच्छ दिसू शकते, याचं सर्वांत सुंदर उदाहरण मला इमॅन्युएल सेलर यांचं वाटतं. ब्रुकलिनचे हे प्रतिनिधी १९२३ मध्ये सभागृहात आले आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीयत्वानुसार कोटा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध उभे राहिले. तो कायदा मंजूर झाला आणि आशियाई माणसाला दार बंद झालं. १९४६ च्या ज्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला, त्याला सेलर यांचं नाव आहे. कोटा पद्धतच मोडून काढणाऱ्या १९६५ च्या कायद्यालाही त्यांचंच नाव आहे. पहिल्या विरोधापासून शेवटच्या यशापर्यंत ४१ वर्षं, आणि दिशा एकच. १९४६ च्या कायद्यामुळेच दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक होऊ शकले आणि १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून आलेले पहिले भारतीय ठरले.

सेलर यांच्या काळात मात्र मोठी फट होती. विधेयकांवरच्या दुरुस्त्या प्रतिनिधिगृह 'संपूर्ण सभागृहाची समिती' म्हणून बसून हातावेगळ्या करत असे. सदस्य मोजणाऱ्यांसमोरून रांगेने जात, आकडा लिहिला जाई, नावं नाहीत. कायद्याला खरा आकार दुरुस्त्यांतून येतो, आणि मतदाराला नेमकं तेच दिसत नसे. १९७० च्या सुधारणा कायद्याने अशा मतदानातही नावं नोंदवण्याची सोय केली. जानेवारी १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक मतदान आल्यावर नोंदलेल्या मतांची संख्या झपाट्याने वाढली.

१९९३ मध्ये आणखी एक पडदा उठला. प्रतिनिधिगृहाच्या समितीत अडवून ठेवलेलं विधेयक मतदानाला आणण्यासाठी २१८ सदस्यांच्या सह्यांचा अर्ज करता येतो, पण कोणी सही केली हे तोवर गुप्त ठेवलं जाई. ते जाहीर होऊ लागलं. लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या तरुणांसाठी २०१८ मध्ये असा अर्ज निघाला आणि २१६ सह्यांवर अडला. त्या वेळच्या सदस्याची भूमिका तपासताना मी भाषणांच्या आधी ही सह्यांची यादी बघायला सांगेन.

कारण नुसत्या 'हो-नाही'ने घोटाळा होतो. २०१८ च्याच जून महिन्यात रिपब्लिकन नेतृत्वाचं इमिग्रेशनविषयीचं तडजोडीचं विधेयक १२१ विरुद्ध ३०१ मतांनी पडलं. विरोधात मत देणाऱ्यांत ते फार कठोर आहे म्हणणारे डेमोक्रॅट होते आणि ते बेकायदा आलेल्यांना माफी देतं म्हणणारे रिपब्लिकनही होते. शिवाय न झालेलं मतदानही असतं. २०१३ चं इमिग्रेशनविषयीचं सर्वसमावेशक विधेयक सिनेटने ६८ विरुद्ध ३२ ने मंजूर केलं, पण प्रतिनिधिगृहाने ते मतदानाला घेतलंच नाही. त्यामुळे तेव्हाच्या प्रतिनिधींचं त्यावर मतच नाही.

भारतीयांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न ग्रीन कार्डच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेचा. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० ठेवली आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा घातली. ती हटवणारं विधेयक प्रतिनिधिगृहाने २०११ मध्ये ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये रिपब्लिकन सदस्य चक ग्रासली यांनी ते रोखून धरलं. अमेरिकी कामगारांच्या संरक्षणासाठी त्यात काही नाही, हा त्यांचा आक्षेप होता. हे आपल्याला कळतं, कारण गुपचूप विधेयक अडवण्याची प्रथा सिनेटने त्याच वर्षाच्या सुरुवातीला बंद केली होती आणि ग्रासली यांचं निवेदन रेकॉर्डमध्ये छापलेलं आहे. २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने पुन्हा ३६५ विरुद्ध ६५ ने मंजुरी दिली. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने आपला वेगळा मसुदा एकमताने, म्हणजे नावं न नोंदवता, मंजूर केला. दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि काँग्रेसची मुदत संपली. रांगेत आयुष्याची उमेदीची वर्षं घालवणाऱ्यांना हे कोणामुळे अडलं ते कळायला हवं होतं.

हे सगळं घरबसल्या वाचता येऊ लागलं ते १९९५ पासून. लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'थॉमस' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, आज त्याची जागा 'काँग्रेस डॉट गव्ह'ने घेतली आहे. तिथे विधेयकाचे सहप्रायोजक, म्हणजे पाठिंबा म्हणून त्याला आपलं नाव जोडणारे सदस्यही दिसतात. सहप्रायोजक होणं फुकटचं असतं, म्हणून त्याला मतापेक्षा कमी वजन द्यावं.

नव्या उमेदवारामागे काँग्रेसमधलं मतदान नसतं. तिथे राज्य विधिमंडळाची दप्तरं उपयोगी पडतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये काँग्रेसवर निवडून आले, त्याआधी ते मिशिगनच्या विधिमंडळात होते, म्हणजे तपासायला काहीतरी होतं. विधिमंडळाचाही अनुभव नसेल तर १९७५ पासून काम करणाऱ्या केंद्रीय निवडणूक आयोगाकडची देणग्यांची नोंद बघावी. २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव, व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण तिथे असतं. देणगीवरून भूमिका सिद्ध होत नाही, पण प्रश्न कोणता विचारायचा ते कळतं. एच-१बीवर असलेल्याला काँग्रेसच्या निवडणुकीत मत देता येत नाही, देणगीही देता येत नाही. या नोंदी मात्र त्यालाही वाचता येतात, आणि मत असलेल्या शेजाऱ्याला दाखवता येतात.