गॅझेट, गॅझेटियर आणि दर्शनिका

मराठा आरक्षणाच्या आंदोलनातून 2 सप्टेंबर 2025 ला कुणबी दाखल्यांसंबंधीचा शासन निर्णय निघाला आणि ‘हैदराबाद गॅझेट’ हे नाव गावागावांत पोचले. त्याच आंदोलनात ‘सातारा गॅझेट’चीही मागणी होती, आणि पुढे बंजारा समाजानेही हैदराबादच्या नोंदींचा आधार घेतला. या साऱ्या चर्चेत दोन अगदी वेगळे दस्तऐवज एकाच नावाने ओळखले जाऊ लागले आहेत.

गॅझेट म्हणजे राजपत्र. अधिसूचना, नेमणुका, नियम त्यात छापले जातात. नाव बदलणारा माणूस ‘गॅझेट करून घेतो’ ते हेच. त्यात छापून येणे हाच सरकारी निर्णयाचा पुरावा. गॅझेटियर मात्र प्रदेशाचे वर्णन करणारा संदर्भग्रंथ आहे : नद्या, घाट, पाऊस, पिके, वजनमापे, आठवडी बाजार, किल्ले, देवळे, जुना इतिहास आणि वस्ती. शासन निर्णयात ‘गॅझेटिअर’ असाच शब्द आहे. ‘गॅझेट’ झाले ते भाषणांत आणि मथळ्यांत. दोन अक्षरे गळाली आणि वर्णनाला हुकमाचे वजन आले. नोंद पुरावा म्हणून जरूर वाचावी, पण ती कोणी, कशासाठी, कोणत्या साली केली हे विचारूनच.

मराठीत गॅझेटियरला ‘दर्शनिका’ असा नेमका शब्द आहे. राज्यात हे काम ज्या खात्याकडे आहे, त्याच्या नावातच तो आहे. तरी एवढ्या मोठ्या वादात तो फारसा कुणी उच्चारला नाही, हे खटकते. तो रुळला असता तर निम्मा गोंधळ टळला असता.

‘सातारा गॅझेट’ ऐकून ते सातारच्या संस्थानाचे स्वतंत्र प्रकाशन असावे असे वाटते. तसे नाही. संस्थान 1848 सालीच खालसा झाले होते. 1885 चा साताऱ्याचा ग्रंथ हा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला एकोणिसावा खंड. त्याच मालिकेत रत्नागिरी 1880 साली आले, ठाणे 1882, नाशिक 1883, सोलापूर 1884 आणि पुणे 1885 साली. जिल्ह्याच्या कचेऱ्यांतून माहिती मागवायची आणि ती एका संपादकाच्या हाताखाली जुळवायची, अशी ही रीत. रत्नागिरीच्या खंडाला 1872 ची शिरगणती वापरावी लागली, पुण्याच्या खंडाला 1881 ची मिळाली. म्हणून दोन जिल्ह्यांचे आकडे शेजारी ठेवून बेरीज-वजाबाकी करणे धोक्याचे आहे. जातींची प्रकरणे तर आणखी जपून वाचावी लागतात. पुण्याच्या खंडात कुणबी आणि मराठे एकत्र घेतले आहेत आणि दोघांत रेषा ओढणे अवघड असल्याचे म्हटले आहे. एका बाजूला हे वाक्य म्हणजे निकाल वाटतो, दुसऱ्या बाजूला परक्या अधिकाऱ्यांची सोय. माझ्या मते ती त्या काळातल्या समजुतीची प्रामाणिक नोंद आहे. तिच्यावर किती भार टाकायचा, हा वेगळा प्रश्न.

मराठवाड्याची गोष्ट आणखी निराळी. तिथली माहिती निजामाच्या राज्याची, दप्तरे वेगळी, महसुलाची भाषा वेगळी. हा भाग 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात आला, त्यामुळे इलाख्याच्या जुन्या मालिकेत तो सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने मालिका नव्याने लिहायला घेतली. पुण्याचा सुधारित खंड 1954 साली निघाला. पण लिहिणाऱ्यांपेक्षा जिल्हे वेगाने बदलले. 1960 साली 26 जिल्हे होते, आज 36 आहेत. 1981 पासून कुलाब्याचे रायगड झाले, आणि अलीकडे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावेही बदलली. जुना खंड उघडायचा तर आधी जुने नाव आणि जुनी हद्द माहीत हवी. पालघर जिल्हा 2014 चा. त्याची माहिती हवी असेल तर 1882 च्या ठाण्यात डहाणू, वाडा, वसई आणि माहीम हे तालुके पाहावे लागतात. यातले माहीम मुंबईतले नव्हे, केळवे-माहीम. आणि आज रायगडात असलेले पनवेल आणि कर्जतही त्याच ठाण्याच्या खंडात आहेत.