बायोप्सीत ‘बॉर्डरलाइन’ आलं, आता?

बीजांडकोशाची गाठ काढली, काही दिवसांनी रिपोर्ट आला आणि त्यावर लिहिलंय ‘बॉर्डरलाइन’. घरात एकच प्रश्न: कॅन्सर आहे की नाही? या गाठीतल्या पेशी साध्या गाठीपेक्षा जोरात वाढतात, थरावर थर चढवतात, पण खालच्या भागात घुसत नाहीत. कॅन्सर घुसतो. फरक एवढाच, पण सगळे उपचार त्यावरच ठरतात. 1929 साली अमेरिकेत हॉवर्ड टेलर यांनी अशा गाठी वेगळ्या नोंदवल्या होत्या. रुग्णांत साधारण तिसरा हिस्सा चाळिशीच्या आतला असतो, म्हणून मूल होण्याचा प्रश्न लगेच पुढे येतो.

बहुतेक गाठी सीरस (आत पाण्यासारखा द्रव) किंवा म्युसिनस (आत बुळबुळीत, घट्ट द्रव) असतात. एंडोमेट्रिऑइड, ब्रेनर आणि क्लिअर सेल हे प्रकार क्वचितच दिसतात. गाठ बीजांडकोशापुरतीच असेल, म्हणजे पहिल्या स्टेजची, तर पाच वर्षांनी शंभरातल्या पंच्याण्णवहून अधिक बायका ठणठणीत असतात.

चूक बहुधा ऑपरेशनच्या आधीच होते. गाठ पाण्याची दिसते म्हणून कुणी सुई घालून पाणी काढतं. त्या पाण्याबरोबर पेशी पोटात सांडू शकतात आणि पहिल्या स्टेजमध्येच गाठ ‘1ए’ची (एका बीजांडकोशात बंद) ‘1सी’ (पेशी बाहेर सांडलेली) होते. संशय असेल तर सुई नको; गाठ अख्खी, पिशवीत घालून बाहेर काढायची. ऑपरेशन चालू असताना फ्रोझन, म्हणजे तुकडा गोठवून लगेच तपासणं, करता येतं, पण मोठ्या म्युसिनस गाठीत ते हमखास बरोबर येईलच असं नाही. एका कोपऱ्यात साधी, दुसऱ्या कोपऱ्यात बॉर्डरलाइन आणि तिसऱ्यात कॅन्सर असं एकाच गाठीत सापडू शकतं.

म्हणूनच किती तुकडे तपासले, हे विचारा. नियम साधा आहे: गाठीच्या दर सेंटिमीटरमागे किमान एक तुकडा, म्युसिनस गाठ दहा सेंटिमीटरहून मोठी असेल तर दोन. अठरा सेंटिमीटरची म्युसिनस गाठ म्हणजे छत्तीस तुकडे. रिपोर्टवर चारच दिसले तर ‘बॉर्डरलाइन’ या शब्दावर फार भार टाकू नये. जत किंवा आटपाडीकडून मिरजेच्या लॅबला गाठ पाठवताना ती अरुंद बरणीत कोंबू नये. रुंद तोंडाचा डबा हवा आणि फॉर्मॅलिन (पेशी कुजू न देणारा द्रव) गाठीच्या दहापट. फॉर्मॅलिन आत पोचलं नाही तर मधला भाग कुजतो, आणि कुजलेल्या पेशींवर कुणी काय निदान करणार!

मूल हवं असेल तर दुसरा बीजांडकोश आणि गर्भपिशवी ठेवता येते. फक्त गाठ सोलून काढली तर ती परत येण्याची शक्यता पूर्ण बीजांडकोश काढण्यापेक्षा बरीच जास्त असते. पण परत आलेली गाठ बहुधा बॉर्डरलाइनच असते आणि पुन्हा काढता येते. पोटाच्या पडद्यावर कुठे डाग असतील तर तेही काढून तपासायला द्यायचे. म्युसिनस असेल तर अपेंडिक्सवर नजर टाकायचीच, कारण बीजांडकोशातली गाठ तिथूनही आलेली असू शकते. सरसकट लसिका ग्रंथी काढण्याने फायदा दिसलेला नाही. केमोचंही तसंच. या पेशी कॅन्सरच्या मानाने सावकाश वाढतात, त्यामुळे केमो त्यांच्यावर फारशी चालत नाही. ‘खबरदारी म्हणून सहा सायकल घ्या’ असं कुणी सुचवलं तर कारण विचारा. डागांमध्ये पेशी खरोखर घुसलेल्या आढळल्या तर मात्र 2014 नंतरच्या वर्गीकरणात तो लो-ग्रेड (सावकाश वाढणारा) सीरस कॅन्सर धरला जातो, आणि उपचाराची दिशाच बदलते.

दुर्मीळ प्रकारांतली एंडोमेट्रिऑइड गाठ लक्षात ठेवावी. तिच्याबरोबर एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढणं) असू शकतो आणि गर्भपिशवीचं अस्तरही जाड झालेलं असू शकतं, म्हणून पिशवी ठेवायची असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला हवा. बॉर्डरलाइन ब्रेनर मात्र बहुतेक वेळा काढली की काम भागतं.

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी आणि योनिमार्गातून सोनोग्राफी, त्यानंतर वर्षाकाठी एकदा. ऑपरेशनआधी सीए-125 (रक्ततपासणीतला एक घटक) वाढलेलं असेल तरच ते परत परत करण्यात अर्थ. पाच वर्षं झाली म्हणून थांबू नका. दहा-पंधरा वर्षांनीही गाठ परतू शकते. तेव्हा जुन्या पेशींशी ताडून पाहायला मेणाचे ब्लॉक, म्हणजे गाठीचे तुकडे मेणात बसवून लॅब जपून ठेवते ते, लागतील. ते लॅबकडून लेखी मागून घ्या आणि उन्हाळ्यात तापत्या पत्र्याच्या कपाटात ठेवू नका, मेण वितळतं.