बेडरूम पॉप : शोध आणि शिफारस

बेडरूम पॉप म्हणजे स्टुडिओत न जाता राहत्या खोलीतच, बहुधा एकट्याने ध्वनिमुद्रित केलेले पॉप संगीत. मंद ठेका, माइकला ओठ टेकवून हलक्या आवाजात म्हटलेले शब्द, किंचित हेलकावणारी गिटार, साधे ड्रम मशीन आणि या सगळ्याला व्यापून राहिलेला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, अशी त्याची सर्वसाधारण ठेवण असते. फितीची सळसळ किंवा खुर्चीची करकर लपवली जात नाही, ती गाण्यातच राहू दिली जाते. या संगीताची जी स्वप्नाळू शाखा आहे तिच्या मागे लो-फाय (घरगुती, खडबडीत मुद्रण) आणि ड्रीम पॉप (धूसर, पसरलेला आवाज) अशा दोन परंपरा आहेत. गाणी ढिगाने तयार होतात, पण त्यांच्यामागे चित्रपट नसतो, जाहिरात नसते आणि पुष्कळदा गायकाचे पूर्ण नावही नसते. म्हणून ती हुडकणे आणि दुसऱ्याला सुचवणे हा या प्रकाराभोवतीचा स्वतंत्र उद्योगच होऊन बसला आहे. कोल्हापुरात संगीत म्हटले की आधी बैठक नाहीतर मिरवणूक आठवते. तिथल्या श्रोत्याला हा उद्योग बव्हंशी मोबाइलवरच करावा लागतो.

पूर्वपीठिका

१९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीने टास्कॅम या नावाखाली पोर्टास्टुडिओ १४४ हे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे आवाजाचे स्वतंत्र पट्टे, वेगवेगळे भरता येतील असे हे पहिलेच यंत्र. एरवी कॅसेटच्या दोन बाजूंचे मिळून चार ट्रॅक होतात. या यंत्राने ते चारही एकाच दिशेने वापरले आणि फीत दुप्पट वेगाने पळवली. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर पुन्हा वाजवायचे, अशी युक्ती घरोघरी चाले. प्रत्येक उतरवणीत सळसळ थोडी वाढे आणि झांजेची धार थोडी बोथट होई. आज संगणकावर मुद्दाम घातला जाणारा तो जुनाट, ऊबदार पोत मुळात असा नाइलाजाने आलेला आहे.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' हा अल्बम याच यंत्रावर घरी भरलेला. बँडसोबत गाणी पुन्हा करून पाहिली, पण प्रसिद्ध झाली ती कॅसेटवरचीच. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात डॅनियल जॉन्स्टन हा गायक घरी केलेल्या कॅसेटी ओळखी-अनोळखी लोकांच्या हातात ठेवत असे. १९८६ मध्ये न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्रावर विल्यम बर्जर याने अशी घरगुती मुद्रणे वाजवणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सुरू केला आणि 'लो-फाय' हे नाव तिथून रुळले. म्हणजे बारसे केले तेही गाणाऱ्याने नव्हे, सुचवणाऱ्याने.

ड्रीम पॉप हे याच दशकातले ब्रिटनमधले अपत्य. स्कॉटलंडचा कॉक्टो ट्विन्स हा बँड आणि त्यांची गाणी काढणारे फोर-एडी हे लेबल (रेकॉर्ड कंपनी) यांनी गिटारचा आवाज इतका पसरवला की गाणारीचे शब्द त्यात विरघळून जात. हे काम मात्र घरगुती नव्हते, त्याला उपकरणे लागत.

दोन्ही धागे एका खोलीत आले ते संगणकामुळे. २००४ मध्ये ॲपलने गॅरेजबँड हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर आपल्या मॅक संगणकासोबत द्यायला सुरुवात केली. पुढे साउंडक्लाउड आणि बँडकॅम्प ही संकेतस्थळे आली आणि गाणे चढवायला कुणाची परवानगी लागेनाशी झाली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या क्लेरो या मुलीने वेबकॅमसमोर बसून केलेला व्हिडिओ आणि नॉर्वेच्या बर्गनमधल्या बॉय पाब्लोचे गाणे, दोन्ही यूट्यूबच्या शिफारशींतून जगभर गेले आणि बेडरूम पॉप हे नाव सर्वतोमुखी झाले. बिली आयलिश हिचा भावाच्या खोलीत मुद्रित झालेला अल्बम २०२० च्या ग्रॅमी सोहळ्यात वर्षातला सर्वोत्तम ठरला, तेव्हा खोली ही अडचण राहिली नव्हती. भारतात कोलकात्याची पारेख अँड सिंग ही जोडी आणि पुण्याचा ईझी वाँडरलिंग्ज हा बँड या वळणाच्या जवळ येतात. दोघांचीही बहुतेक गाणी इंग्रजीत आहेत, आणि मुद्रण पाहता ती अस्सल खोलीतली म्हणण्यापेक्षा स्वप्नाळू म्हणणे जास्त बरोबर.

कोल्हापूरचा कान

शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँ गायले, त्यांचे पुत्र भुर्जी खाँ यांनी याच गावात राहून शिकवले आणि देवल क्लबने शास्त्रीय बैठकी जपल्या. इतक्या भरदार, मोकळ्या गळ्याची सवय असलेल्या कानाला पुटपुटणे हे गाणे वाटत नाही, यात नवल नाही. दुसऱ्या टोकाला गणेशोत्सवातला डॉल्बी. तो कानाआधी छातीला ऐकू येतो. या दोन टोकांमध्ये बेडरूम पॉपला जागा दिसत नाही खरी, पण एक जागा आहे आणि ती चांगली जुनी आहे: भावगीत. १९१९ मध्ये कोल्हापुरातच जन्मलेले सुधीर फडके ज्या पद्धतीने गात, ती पद्धत मायक्रोफोनशिवाय शक्यच नव्हती. गळा न ताणता, समोर एकच माणूस बसला आहे अशा बेताने म्हटलेले गाणे मराठी घरांत रेडिओने कधीच पोहोचवले होते.

फरक आहे तो शब्दांचा. भावगीतात शब्दाचा शेवटचा काना-मात्रासुद्धा ऐकू यावा असा दंडक, तर इथे शब्द मुद्दाम धूसर ठेवलेले. भावगीतांवर वाढलेल्या माणसाची पहिली तक्रार 'काय म्हणतोय तेच कळंना' हीच असते, आणि ती रास्त आहे. त्याला सुचवताना आधीच सांगून ठेवावे की शब्द पकडायच्या मागे लागू नका, आवाजाचा रंग ऐका. कवितेसाठी गाणे ऐकणाऱ्याला कॉक्टो ट्विन्स ऐकवणे हा दोघांवरही अन्याय आहे.

इथे असे गाणे मुद्रित करायचे झाले तर ऋतू पाहावा लागतो. जुलैत पत्र्याखालच्या खोलीत पाऊस प्रत्येक ट्रॅकवर आपोआप येतो आणि आवाज कमी-जास्त होत राहिल्यामुळे दोन टेक जोडता येत नाहीत. पंखा बंद, फ्रिजचे बटण बंद, दाराला दोन वाकळा टांगलेल्या, फोन विमान मोडवर, आणि गल्लीतली शेवटची मोटारसायकल गेल्यानंतरची वेळ, एवढी तयारी पुरते. वाकळ भिंतीवरून परतणारा आवाज चांगली शोषते. रिव्हर्ब नंतर सॉफ्टवेअरमध्ये हवा तेवढा घालता येतो, पण खोलीचा मुद्रित झालेला घुमारा काढता येत नाही, म्हणून आधी खोली 'कोरडी' करायची. बँडलॅबसारखे मोफत ॲप फोनवर चालते, त्यामुळे मॅक नसल्याने कुणाचे अडत नाही.

शोध

पहिली फसगत शोधाच्या शब्दातच होते. भारतात 'लोफाय' असे शोधले तर बहुतांशी जुन्या हिंदी सिनेगीतांची संथ केलेली, रिव्हर्ब घातलेली रूपे समोर येतात. अभ्यासाला लावायचे शब्दविरहित लो-फाय हिप हॉप हा आणखी तिसराच प्रकार. दोन्हींत वाईट काही नाही, पण त्यांत नवे गाणे रचणारा कुणी गायक सापडत नाही. 'ड्रीम पॉप' किंवा 'बेडरूम पॉप' असे शोधावे, आणि त्याला एखाद्या शहराचे किंवा देशाचे नाव जोडावे. जकार्ता, मनिला, बर्गन असे जोडले की यादी एकदम बदलते.

स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. त्याची दर सोमवारी बदलणारी तीस गाण्यांची यादी २०१५ पासून चालू आहे. तिचे मुख्य तत्त्व सोपे आहे: तुमच्यासारख्याच गाण्यांच्या याद्या करणाऱ्या इतरांनी जे ऐकले आणि तुम्ही ऐकलेले नाही, ते तुम्हाला द्यायचे. अडचण अशी की जे गाणे अजून कुणीच यादीत घातलेले नाही ते या हिशेबाला जवळजवळ दिसतच नाही. यंत्र तुम्हाला तुमच्या आवडीच्या मध्यावर नेऊन सोडते, काठावर नेत नाही. पाच-सहा आठवड्यांत तीच गिटार, तोच ठेका, तेच फिकट रंगाचे मुखपृष्ठ असे वाटू लागते ते यामुळे. त्यात एकच खाते घरभर वापरले जात असेल तर सकाळी आजीसाठी लावलेले अभंगही हिशेबात धरले जातात. त्याला उपाय म्हणजे अभंगांच्या वेळी खासगी सत्र सुरू करणे.

टिकटॉकने या संगीताला जगभर जो धक्का दिला, त्याचा मोठा भाग भारताला लागला नाही, कारण २९ जून २०२० रोजी इथे त्यावर बंदी आली. रील्सने ती जागा घेतली. पण रीलमधल्या पंधरा सेकंदांवरून स्वप्नाळू गाण्याची परीक्षा होत नाही. यातली बरीच गाणी उशिरा उलगडतात: दीड-दोन मिनिटे एकच वळण घोळवतात आणि मग मागचा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) हळूच वर येतो. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजले की ते एक ऐकणे मोजले जाते, त्यामुळे नवे गायकही चाल लवकर पुढे आणू लागले आहेत. अशा घाईने रचलेले ड्रीम पॉप लगेच ओळखू येते.

खरा माग लागतो तो माणसांच्या मागे गेल्यावर. बँडकॅम्पवर अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्यांची छोटी चित्रे दिसतात. त्यांतल्या एकावर बोट ठेवले की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. ज्याने आपला आवडता, फारसा कुणाला माहीत नसलेला अल्बम पैसे देऊन घेतला आहे, त्याच्या संग्रहात आणखी चार तरी कामाचे निघण्याचा संभव कुठल्याही यंत्राच्या यादीपेक्षा जास्त. लेबलचेही तसेच. ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्सने १९८७ ते १९९५ या काळात काढलेली गाणी किंवा ब्रुकलिनच्या कॅप्चर्ड ट्रॅक्सची यादी ओळीने ऐकत जावे, कारण तिथे निवड करणारा कान एकच असतो. डब्ल्यूएफएमयू आजही इंटरनेटवर ऐकता येते. वेळेच्या फरकामुळे तिथला रात्रीचा कार्यक्रम कोल्हापुरात सकाळी, कामाला निघायच्या घाईत येतो. त्यामुळे जुने भाग साठवणीतून ऐकणेच सोयीचे.

शिफारस

पन्नास गाण्यांची यादी पाठवणे ही शिफारस नव्हे, तो गृहपाठ झाला. मिळालेली यादी लोक जपून ठेवतात आणि ऐकत नाहीत. 'भावा, नादखुळा गाणं हाय, ऐक' या संदेशात प्रेम भरपूर असले तरी माहिती शून्य असते. तोच संदेश असा असेल तर काम करतो: 'आज रात्री हेडफोन लावून ऐक. पहिलं मिनिट जरा कंटाळवाणं हाय, थांब. दुसऱ्या कडव्यानंतर ड्रम थांबत्यात, तिथनं पुढं बघ.' यात वेळ, साधन आणि गाण्यातली नेमकी जागा आहे. ऐकणारा त्या जागेपर्यंत तरी थांबतो आणि नंतर त्या जागेबद्दल काहीतरी बोलतो. हा प्रकार मुळातच एका श्रोत्यासाठी रचलेला असल्याने त्याची शिफारसही एकाच माणसाला उद्देशून केलेली चांगली. वीस जणांच्या ग्रुपवर टाकलेल्या दुव्याला अंगठे मिळतात, कान मिळत नाहीत.

समोरासमोर ऐकवायचे तर साधनाकडे लक्ष द्यावे. रंकाळ्याच्या काठावर दोघांत एक वायरचा इअरफोन वाटून घेणे ही सर्वांत सोपी पद्धत, आणि सर्वांत फसवीही. या गाण्यांत एक गिटार डाव्या कानात आणि तिचीच दुसऱ्यांदा वाजवलेली प्रत उजव्या कानात ठेवलेली असते. तो भरलेपणा दोन्ही कान मिळूनच तयार होतो. एकाला अर्धीच गिटार मिळते, दुसऱ्याला नुसता प्रतिध्वनी, आणि दोघेही 'ठीक आहे' म्हणून मोकळे होतात. फोनच्या सुलभता विभागात मोनो ऑडिओ हा पर्याय असतो. तो चालू केला की दोन्ही बाजू एकत्र होऊन प्रत्येकाला पूर्ण गाणे मिळते, रुंदी तेवढी जाते. फोनच्या स्पीकरवर ऐकवण्यापेक्षा हे केव्हाही बरे, कारण तिथे बेस गायब होतो आणि रिव्हर्बचा नुसता गोंगाट उरतो.

नवख्याला सुरुवात कुठून करून द्यावी यावर एकमत नाही. चाल स्पष्ट असलेली गाणी आधी, धूसर नंतर, हा क्रम बहुतेकांना मानवतो. गझला ऐकणाऱ्याला मात्र उलट क्रम चालतो असे दिसते, कारण ठेहरावाची त्याला सवय असते. डॉल्बीवर नाचणाऱ्याला हे आवडणार नाही असे गृहीत धरणे चूक. मिरवणूक संपल्यावर त्याच मुलालाही घरी परतायचे असते आणि वाटेत काहीतरी लावायचे असते.

शिफारस केलेल्या गाण्याच्या गायकाला त्यातून काय मिळते, हा प्रश्नही यातच येतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर गेल्या बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला मोबदला मिळत नाही. खोलीत बसून गाणाऱ्या कित्येकांची गाणी या रेषेखाली असतात, त्यामुळे मित्रमंडळींनी महिनाभर तेच गाणे लावून धरले तरी त्याच्या हाती काही पडेलच असे नाही. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतला साधारण पंधरा टक्के वाटा कंपनी घेते, आणि मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी तोही सोडते. बऱ्याच गायकांनी किंमत श्रोत्यावर सोडलेली असते. शून्य टाकूनही गाणे उतरवता येते, आणि हवे तर एका मिसळीएवढे पैसे देताही येतात. त्यासाठी कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात.