गोल बसवलं म्हणजे फोकस ग्रुप होत नाही

जनसंज्ञापनाच्या एम.ए.चे प्रबंध चाळताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘आठ महिलांचा फोकस ग्रुप घेतला.’ फोकस ग्रुप म्हणजे एखाद्या विषयावर लोकांना आपसात बोलतं करणं. पण परिशिष्टातलं संभाषण वाचलं की कळतं, ती सामूहिक मुलाखत होती. प्रश्न आला, पहिलीने उत्तर दिलं, मग दुसरीने, मग तिसरीने. शाळेतली हजेरीच.

समजा, डेंग्यूच्या ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ या पोस्टरचा अभ्यास आहे. सामूहिक मुलाखतीत ‘पाळता का?’ याला आठ वेळा ‘हो’ मिळेल. शेजारी आरोग्य खात्याच्या आशाताई बसल्या असतील तर जरा मोठ्यानेच. फोकस ग्रुपमध्ये पोस्टर मधोमध ठेवायचं आणि आपण गप्प बसायचं. (नवख्यांना हेच जमत नाही.)

‘कोरडा दिवस म्हणजे दारूची दुकानं बंद असतात तो ना?’

हशा.

‘अगं, पिंप रिकामं करून घासायचं.’

‘नळाला पाणी आठव्या दिवशी. ओतून देऊ नि पिऊ काय?’

मग मुलाखतीत ‘हो हो’ म्हणाली असती तीच बाई हळूच सांगते, ‘मी पण नुसतं फडकं बांधते.’

ती सरकली ती शेजारणीच्या बोलण्याने, आपल्या प्रश्नाने नव्हे. पोस्टर कुठे फसलं ते इथे सापडतं.

नावातच थोडा घोळ आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन आणि पॅट्रिशिया केंडल यांनी १९४६ साली लिहिलं ते ‘फोकस्ड इंटरव्ह्यू’बद्दल. त्यातला ‘फोकस’ म्हणजे लोकांनी आधी ऐकलेला-पाहिलेला ठरावीक कार्यक्रम किंवा चित्रपट. मुलाखत एकट्याचीही चालायची. आपसातल्या बोलण्यावर जोर पुढे आला. ब्रिटनमध्ये एड्सविषयक माध्यम-संदेशांवर काम करणाऱ्या जेनी किट्झिंगर यांनी १९९४ मध्ये तक्रार केली, की फोकस ग्रुपचे चाळीसहून अधिक छापील अहवाल पाहिले, पण सहभागींच्या आपसातल्या संभाषणावर भर देणारा एकही सापडला नाही.

सामूहिक मुलाखत कमअस्सल नाही. पाणी कधी येतं, पोस्टर कुठे लावलं होतं, एवढंच हवं असेल तर तीच घ्या, वेळ वाचेल. फक्त प्रबंधात तिला तिच्याच नावाने हाक मारा. आणि फोकस ग्रुप म्हणणार असाल, तर कोण कुणाला उद्देशून बोललं, कोणी कुणाचं वाक्य तोडलं, हशा कुठे पिकला, हे संभाषणाच्या लेखी नोंदीत उतरवा. त्यासाठी बोलणाऱ्यांचा क्रम टिपायला शेजारी दुसरं माणूस लागतं. नुसत्या रेकॉर्डिंगवर आठ आवाज ओळखता येत नाहीत.